थोरल्या जावयाचा मान

कुऱ्हाड सगुणाआक्कांनी गावाहून आणली होती. जुन्या लुगड्यात गुंडाळून, एसटीच्या सीटखाली पायाशी धरून, जुन्नरपासून कल्याणपर्यंत. महिपतरावांनी सकाळी सहाला ती सोडवली, नळाखाली धुतली, पात्याला हळदकुंकू लावलं आणि खाली सोसायटीच्या मांडवात पाटावर नेऊन ठेवली. वॉचमन डोकावून गेला.

"काका, झाड तोडताय काय? सेक्रेटरी ओरडेल."

"नाही रे बाबा. देवकाला लागते."

घरात लग्न निघालं की आधी देवक आणायचं, ही यांच्याकडची रीत. थोरल्या लेकीच्या पदराला थोरल्या जावयाच्या शेल्याची गाठ मारायची, जावयानं खांद्यावर कुऱ्हाड घ्यायची आणि वाजतगाजत झाडापाशी जाऊन आंब्या-उंबराच्या डहाळ्या आणायच्या. गावात नदीकाठी जायचे, डोंबिवलीत मागच्या गल्लीतल्या दत्तमंदिरापाशी. एवढाच काय तो फरक. मान मात्र तोच, थोरल्या जावयाचा.

आणि सगळी मेख तिथेच होती. थोरला जावई म्हणजे कमलेश. अन् कमलेशनं या बिल्डिंगच्या शंभर मीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही, लेकीला, रसिकाला, फोन नाही, मेसेज नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. तीन पानांचा तो कागद महिपतरावांच्याच कपाटात, त्यांच्याच हातानं फाइलला लावलेला होता.

मग मंगळवारी हा माणूस कमलेशच्या घरी दिव्याला जातो काय, पाण्याच्या टँकरमागची रांग ओलांडून चार जिने चढतो काय आणि ज्यानं आपल्या लेकीला मारलं त्याच्या हातात नारळ अन् पत्रिका ठेवतो काय! कुणी परक्यानं ऐकलं तर कपाळाला हात लावील. पण महिपतराव काही दुष्ट नव्हते. दमलेले होते. आक्का त्यांची बहीण, आठ वर्षांनी मोठ्या, आईमागे त्यांनीच यांना वाढवलेलं. तीन आठवडे त्या रोज फोनवर एकच पालुपद लावून होत्या. "अरे, जावई नाही तर देवक कोण आणणार? आपल्या पोराच्या, ऋतुराजच्या, संसाराला अपशकुन करतोस? दोन तास येईल, डहाळी आणील, जेवून जाईल. चारचौघांत काय खाणार आहे तो तिला?" शेवटी हो म्हणण्यापेक्षा नाही म्हणायलाच जास्त जोर लागतो, आणि तो जोर महिपतरावांत उरला नव्हता.

शिवाय चाळीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाची एक समजूत होती. ऑर्डर आपण मागितली, आपल्याला मिळाली, म्हणजे ती आपली. मग दोन तासांची सवलत आपणच दिली तर कोर्टाचं काय जातंय? पत्रिकेच्या पाकिटावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'देवकाचा मान आपला. अवश्य येणे.' रतनला, म्हणजे बायकोला, हे ठाऊक होतं. ती काही बोलली नव्हती. रसिकाला ठाऊक नव्हतं.

ते तिला कळलं सकाळी आठला. जिन्यात. ती हळदीची वाटी घेऊन खाली येत होती आणि आक्का शेला घेऊन वर चढत होत्या.

"हे धर. पदराला गाठ मारायला लागेल. साडी नीट नेस जरा, हे काय ड्रेस घालून हिंडतेस."

"कुणाशी गाठ, आत्या?"

"कुणाशी म्हणजे? नवऱ्याशी. यायलाच झालाय तो."

महिपतराव खालच्या पायरीवर फुलांच्या माळा सोडवत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. रसिका चार पायऱ्या उतरली, वाटी कठड्यावर ठेवली आणि त्यांच्यापुढे उभी राहिली. तिच्या जागी दुसरी असती तर आरडाओरडा केला असता. ही ओरडली नाही. कोर्टाच्या दोन वर्षांत तिचं ओरडणं संपून गेलं होतं.

"अण्णा, तुम्ही बोलावलंत?"

"अगं, दोन तासांचा प्रश्न आहे. सगळे आहेत इथं."

"तुम्ही बोलावलंत का?"

"हो."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग कळलं होतं की तुम्हाला." ती पायरीवर बसली. "अण्णा, परवा सोमवार आहे."

सोमवार काय आहे हे महिपतरावांना सांगायला नको होतं. मिळालेली ऑर्डर तात्पुरती, आणि तिच्यात नुसतं घर होतं. कमलेशनं त्यातून बरोबर वाट काढली. तो घरापाशी फिरकत नसे. रसिका ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, तिच्यासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात रोज संध्याकाळी येऊन उभा राहायचा. नुसता. हात बांधून. मुलीच्या, अक्षदाच्या, शाळेच्या गेटवर उभा राहून नऊ वर्षांच्या पोरीला चॉकलेट दाखवायचा. पोलिसांत गेलं की ते म्हणायचे, ताई, रस्ता सगळ्यांचा आहे, कागदात लॅब नाही, शाळा नाही. म्हणून रसिकानं अर्ज केला होता. लॅब घाला, शाळा घाला, रस्त्यात पाठलाग करायचा नाही हे घाला, आणि ऑर्डर कायम करा. त्याची सुनावणी सोमवारी होती. तेरावी तारीख.

"आता त्याचा वकील उठून सांगणार," रसिका म्हणाली, "साहेब, कसला धोका अन् कसलं काय. शनिवारी सासऱ्यानंच नारळ देऊन बोलावलं, बायकोनं गाठ मारली, जोडीनं देवक आणलं. झालं. लॅब पण गेली, शाळा पण गेली. आहे ती ऑर्डरसुद्धा राहते की नाही, देवच जाणे."

"असं कसं जाईल? आपण सांगू की, फक्त लग्नापुरतं—"

"अण्णा, ऑर्डर त्याच्यावर आहे हो. माझ्या हातात नाही ती सैल करायला, अन् तुमच्याही नाही. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. तुम्ही होतात शेजारी."

होते. शेजारीच होते. त्याच दिवशी वकीलबाईंनी त्यांनाही एक विचारलं होतं. 'काका, मागे एकदा हाताला प्लास्टर असताना ती माहेरी आली होती म्हणते. नक्की कधी? तुम्ही साक्ष दिलीत तर हे फार जुनं आहे ते दिसेल. अर्ज मजबूत होईल.' महिपतराव म्हणाले होते, 'वय झालं बाई. तारीख काही आठवत नाही.' रसिका तेव्हा त्यांच्याकडे बघत राहिली होती. पुढं तिनं विषय काढला नव्हता.

आक्का वरून कडाडल्या. "वकील, वकील! आमच्या वेळी नव्हत्या का मारत नवरे? आम्ही नाही का नांदलो? हिच्या एकटीपायी भावाचं लग्न बिनदेवकाचं लावायचं का?"

 रसिकानं ड्रेसच्या खिशातून फोन काढला, एकशे बारा लावला आणि तिथंच, जिन्यात बसून, सगळं सांगितलं. नाव, पत्ता, ऑर्डरचा नंबर, तारीख. नंबर तिला पाठ होता. मग उठली, हळदीची वाटी आत्यांच्या हातात दिली आणि वर गेली. दाराला आतून कडी लागल्याचा आवाज खालपर्यंत आला.

"पोलीस?" आक्का दोन पायऱ्या खाली आल्या. "लग्नघरी पोलीस? महिपत, अरे जा वर, समजाव तिला!"

महिपतराव माळा सोडवत राहिले. गाठ बसली होती आणि सुटत नव्हती.

कमलेश आला तो साडेआठला. पांढरा सदरा, कपाळाला गंध, हातात मिठाईचा खोका. इतका गोड दिसत होता की मांडवातल्या दोघी-तिघी मावश्या आपसात म्हणाल्यासुद्धा, वाटत नाही हो असा असेल. त्यानं महिपतरावांच्या पायाला हात लावला, आक्कांच्या लावला, रतनच्या लावायला वाकला तर ती दोन पावलं मागं सरकून मांडवाच्या खांबाला टेकली.

"मामा, बोलावलंत, बरं वाटलं. माणुसकी आहे तुमच्याकडे अजून."

आक्कांनी डोळे पुसत पुसत शेला पुढं केला, खांद्यावर टाकला, कुंकू लावलं. मग पाटावरची कुऱ्हाड उचलून दोन्ही हातांनी त्याला दिली. त्यानं ती कपाळाला लावली आणि खांद्यावर घेतली. रीतीप्रमाणे सगळं बरोबर चाललं होतं. महिपतरावांनी सहज वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या गजांमागे अक्षदा उभी होती, आणि बापाच्या खांद्यावरच्या कुऱ्हाडीकडे बघत होती. मग मागून एक हात आला आणि पोरीला आत घेऊन गेला.  आपण कुणाच्या हातात काय दिलंय, हे महिपतरावांना तेव्हा कळलं. फार उशिरा, पण कळलं.

नवरदेव ऋतुराज मुंडावळ्या हातात घेऊन अवघडून उभा होता. कमलेशनं त्याला आपला फोन दिला. "मेव्हणे, फोटो तुम्हीच काढा. गाठ दिसली पाहिजे, दोघांचे चेहरे दिसले पाहिजेत." मग तो महिपतरावांकडे वळला आणि आवाज खाली आणून, अगदी घरच्यासारखा म्हणाला, "एक फोटो झाला की सोमवारचं काम मिटलं, मामा. ती लॅब, ती शाळा, कुठं भानगडी वाढवत बसायच्या? तुम्हालाही या वयात कल्याणच्या कोर्टाचे खेटे नकोत."

"आणि ती खाली नाही आली तर?"

"येईल की." कमलेश हसला. "मागे तुम्हीच नव्हतं का आणून सोडलं तिला? तसंच हाताला धरून आणा. तुमचं ऐकते ती."

महिपतरावांच्या हातातली माळ खाली पडली. ती उचलायलाही ते वाकले नाहीत.

तेवढ्यात गेटवर मोटरसायकल थांबली. हवालदार सोनल मॅडम आणि मागे एक शिपाई. बाई रात्रपाळी करून आलेल्या असाव्यात, डोळे ओढलेले होते. मांडव, ताशेवाले, कुऱ्हाड, सगळं त्यांनी एकदा बघून घेतलं.

"कमलेश कोण? आधी ती कुऱ्हाड खाली ठेवा."

"मॅडम, काहीतरी गैरसमज आहे," कमलेशनं कुऱ्हाड पाटावर ठेवली आणि पाकीट काढलं. तयारीनंच आला होता. "मला बोलावलंय. हे बघा, सासऱ्यांच्या हातचं अक्षर. मान आपला, अवश्य येणे. मी काय घुसलोय का?"

सोनल मॅडमनी पाकीट वाचलं. आपल्या फोनवरची ऑर्डर वाचली. मग एक उसासा टाकला.

"बोलावणं कुणाचंही असू दे. ऑर्डर कोर्टाची आहे, ती कोर्टच उठवणार. तुम्हाला यायचं नव्हतं, तुम्ही आलात. चला चौकीवर." आणि महिपतरावांकडे वळल्या. "काका, हे तुम्ही लिहिलंय?"

आक्का मध्ये पडल्या. "बाई, घरातला मामला आहे हा. मीच सांगितलं होतं बोलवायला. उगाच काही लिहू नका. महिपत, सांग यांना, मिटलंय म्हणून. सांग, म्हणजे जातील."

 ताशेवाल्यांनी टिपऱ्या खाली केल्या. किती सोपं होतं! एक शब्द म्हणायचा, मिटलंय. डहाळ्या येतील, लग्न होईल, आक्कांचा राग जाईल, चार पाहुण्यांत शोभा होणार नाही. महिपतराव आयुष्यभर हा शब्द म्हणत आले होते. त्यांनी रतनकडे पाहिलं. ती खांबापाशी तशीच उभी होती, आणि आज तिनं डोळे खाली घातले नव्हते.

"खरं सांगा," रतन म्हणाली. "मी पण गप्प बसले. आता तुम्ही तरी खरं सांगा."

"मिटलेलं नाही," महिपतराव म्हणाले. "मी बोलावलं. मुलीला न विचारता बोलावलं. तिला आज सकाळी कळलं आणि तिनं नको म्हटलं."

"मामा!" कमलेशचा गोडवा एका क्षणात उतरला. "बुढ्ढे, घरी बोलावून अडकवतोस? बघून घेईन तुला, अन् तिला पण." शिपायानं दंड धरून त्याला मोटरसायकलकडं नेलं. सोनल मॅडम शांतपणे म्हणाल्या, "हे पण लिहिते हं मी," आणि मांडवातल्या ज्या मावश्या त्याला गोड म्हणाल्या होत्या त्यांनी तोंडाला पदर लावले.

आक्का पुढं आल्या. कमलेशच्या खांद्यावरून पडलेला शेला त्यांच्या हातात चोळामोळा झाला होता. "जावयाला बोलावून पोलिसांच्या हाती दिलंस. चांगले पांग फेडलेस. मी आता अन्नाला शिवायची नाही तुझ्या घरी."

"आक्का, रागव. रागवायचं तेवढं रागव," महिपतराव म्हणाले.  "पण तुझं ऐकलं ती चूक माझी. तुझी नाही."

"पण देवकाचं काय?" आक्का आता रडायलाच लागल्या. "जावयाशिवाय देवक कसं आणायचं?"

गुरुजी इतका वेळ कोपऱ्यात पंचांग मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा पुसला. "अहो, त्यात काय? नात्यातलं कोणतंही जोडपं चालतं. जावईच पाहिजे असं नाही काही. मला आधी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं."

 तीन आठवडे घर ढवळून निघालं होतं, आणि ज्याला विचारायचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ऋतुराज कसंनुसं हसला आणि मग त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. शेवटी रघुकाका-शालूकाकूंनी, म्हणजे चुलतभाऊ अन् त्याच्या बायकोनं, गाठ मारून घेतली आणि मंडळी डहाळ्या आणायला गेली. ताशेवाले जरा जपूनच वाजवत होते.

सोनल मॅडम जबाब लिहून घ्यायला वर आल्या. रसिकानं कडी काढली. तिनं पाणी आणलं, फाइल आणली आणि आईच्या शेजारी बसली. महिपतराव म्हणाले, "मॅडम, मीच लिहितो. मला सवय आहे." एसटीत असताना असे शेकडो अहवाल त्यांनी लिहिले होते. त्यांनी लिहिलं. वेळ, ठिकाण, मंगळवारी दिव्याला गेलो ते, पाकिटावर काय लिहिलं ते, मुलीला सांगितलं नाही ते, फोटोचं कमलेश जे बोलला ते. एक पान भरलं. त्यांनी कागद रसिकापुढं सरकवला.

"बघ. सोमवारी चालेल का?"

तिनं वाचला. दोनदा वाचला. कौतुक नाही केलं, आभार नाही मानले. तिच्या चेहऱ्यावर सकाळचाच थकवा होता.

"चालेल," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अण्णा, एक राहिलंय. त्यानं काय म्हटलं खाली? मागे तुम्हीच आणून सोडलं होतं, असं. ऋतूनं फोनवर सांगितलं. ते नाही लिहिलंत."

सोनल मॅडम म्हणाल्या, "ताई, ते जुनं आहे. आजच्या गुन्ह्यात नाही यायचं."

"असू दे, मॅडम. वकीलबाई देतील वेगळा कागद कोर्टाला. पण लिहू दे त्यांना एकदा." ती वडिलांकडे वळली. "तारीख तुम्हाला आठवत नव्हती ना, म्हणून सांगते. दवाखान्याच्या कागदामागं मी लिहून ठेवलीय. थांबा, काढते."

ती फाइल चाळू लागली. जुनी बिलं, एक्स-रेचं पाकीट, शाळेच्या पावत्या. महिपतरावांनी दुसरा कागद घेतला. लिहिताना ते कुठंच थांबत नव्हते.

"सापडला," रसिका म्हणाली. "लिहा. बावीस—"

बोलता बोलता तिनं वडिलांपुढच्या कागदाकडं पाहिलं. तिथं आधीच लिहिलेलं होतं. शुक्रवार, दिनांक २२ नोव्हेंबर २०१९. सकाळी साडेनऊ. मुलीचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. ती नको म्हणत होती. मी तिला दिव्याला नेऊन सोडलं, आणि जावयाला शर्टाचं कापड दिलं.